बंद करण्याचं काम चालू आहे

कवी म्हणून मला इथं बोलावलं जातं आणि मीही दोन-चार कविता खिशात घेऊनच येतो. आज त्या खिशातच राहू देतो. आजचा विषय घरातल्या संगणकाचा आहे, आणि त्यातलाही अगदी लहान. संगणक बंद करायला जावं, तो बंद होऊ नये, पडद्यावर इंग्रजीत काहीबाही दिसावं. अशा वेळी काय करायचं? विषय किरकोळ वाटेल. मलाही वाटला होता. त्या वाटण्यापायी मी माझ्या आईचा आवाज जवळजवळ घालवून बसलो, म्हणून आज तुमच्यापुढे बोलायचं ठरवलं.

मी राहतो उरणला. नोकरी न्हावा शेव्याला, एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कारकुनाची. शिक्षण बीए, तेही मराठी घेऊन. त्यामुळे यंत्राच्या बाबतीत माझा अधिकार शून्य. ऑफिसनं जुने संगणक काढून टाकले तेव्हा त्यातला एक मी घरी आणला. तो फार हळू चालायचा. माझा भाचा एका टर्मिनलच्या संगणक विभागात काम करतो. त्यानं त्यावर लिनक्स घालून दिलं. लिनक्स म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं हा त्याचा छोटा गुण. त्याचा आतला मजकूर कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो, हा मोठा गुण. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलानं त्याचा गाभा लिहायला घेतला आणि जगातल्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. लिनक्सची अनेक घराणी आहेत, आमच्या घरी आलं ते उबुंटू.

हे काही आपल्यापासून दूरचं नाही. आमच्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात या वाडीवरच्या शाळेत २००७ साली मुलांच्या हातात छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. तेही लिनक्सवरच चालायचे. त्यात एक सोय फार छान होती. मुलानं काही लिहिलं, चित्र काढलं, की ते आपोआप एका रोजनिशीत जमा व्हायचं. 'जतन करा' असं सांगायची गरजच नसे. मुलं विसरणार हे बनवणाऱ्यानं गृहीत धरलं होतं. मोठी माणसंही विसरतात, घाई करतात, हे मात्र आपल्या घरच्या संगणकात कुणी तितकंसं गृहीत धरलेलं नाही.

आता माझी गोष्ट. माझी आई, म्हणजे आमची अम्मी, लग्नाची गाणी म्हणायची. हळदीची, मेंदीची, नवऱ्याच्या वरातीची, मुलीला वाटे लावतानाची. आम्हा कोकणी मुसलमानांच्या बोलीतली ही गाणी. मराठीच्याच अंगाची, मधूनच एखादा उर्दू शब्द कानातल्या डुलासारखा लावलेला. ती कुठं छापलेली नाहीत. बायकांनी बायकांकडून ऐकली आणि तोंडी ठेवली. अम्मी थकली तेव्हा मी मोबाइलवर तिची एकोणीस गाणी ध्वनिमुद्रित केली. गाण्याच्या मधे ती थांबायची, 'हे तुझ्या आत्तेच्या लग्नात म्हटलं होतं' असं काही सांगायची. तेही त्यात आलं. ऐकता ऐकता मी शब्द टाइप करून ठेवत होतो. २०२१च्या फेब्रुवारीत अम्मी गेली. संगणकात एक कप्पा उरला, 'अम्मीची गाणी' या नावाचा.

२०२२च्या जुलैतली रात्र. संगणकातली जागा भरत आली होती, म्हणून मी नवा पेनड्राइव्ह आणला आणि तो कप्पा इकडून उचलून तिकडे ठेवला. त्यांच्या भाषेत 'कट' आणि 'पेस्ट'. नक्कल ठेवली नाही. एकाच गोष्टीनं दोन जागा कशाला अडवायच्या, हा माझा कारकुनी हिशेब. हिरवी पट्टी भराभर शेवटाला गेली. काम झालं असं समजून मी संगणक बंद करायची कळ दाबली.

पडदा काळा झाला, पण दिवा विझेना. काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग', पुढे काहीतरी नाव, आणि शेवटी सेकंद मोजले जात होते. बाहेर पाऊस कोसळत होता, दिवे थरथरत होते. आमच्या गावाजवळ बोकडवीऱ्याला वायूवर चालणारं वीजकेंद्र आहे, पण पावसाळ्यात वीज जायची ती जातेच. सकाळी लवकर कामावर जायचं होतं. मी ओळीतले 'स्टॉप' आणि 'जॉब' हे दोन शब्द उचलले आणि अर्थ लावला की कुठलं तरी काम थांबलंय, म्हणजे यंत्र अडकलंय. चाळीस-पंचेचाळीस सेकंद वाट पाहिली आणि भिंतीवरचं बटण बंद करून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह लावला. कप्पा होता. गाण्यांची नावंही होती. पण एकही गाणं उघडेना. बहुतेकांपुढे आकार शून्य. संगणकात पाहिलं तर तिथला कप्पा गेलेला. मीच तो उचलून दिला होता.

मी भाच्याला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामू, त्या ओळीचा अर्थ तुम्ही काय लावला?"

मी म्हटलं, "काम थांबलंय."

"उलट आहे, मामू. बंद करण्याचं काम चालू आहे, असा तिचा अर्थ. पुढे पेनड्राइव्हचं नाव होतं ना? तो तुमची गाणीच त्यावर उतरवत होता."

तीस-पस्तीस वर्षं शब्दांशी झटापट करणारा मी, पाच शब्दांच्या एका वाक्यात चुकलो. 'स्टॉप' हे तिथं कुठल्या प्रकारचं काम ते सांगणारं विशेषण होतं, आणि मी त्याचं क्रियापद केलं होतं.

त्या दिवसापासून हे बंद होणं म्हणजे आत नेमकं काय चालतं, ते मी समजून घेतलं. मला कळलं तसं सांगतो.

संगणकाला दोन ठिकाणी गोष्टी ठेवता येतात. एक स्मृती, ती फार वेगवान. पण वीज गेली की पाटी कोरी. दुसरी डिस्क किंवा पेनड्राइव्ह, ती हळू, पण वीज गेली तरी राहणारी. दर वेळी हळू जागेची वाट पाहत बसलं तर सगळाच कारभार रेंगाळेल. म्हणून संगणक आपलं लिहिणं आधी स्मृतीत घेतो, 'झालं' म्हणतो, आणि मागाहून सवडीनं डिस्कवर उतरवतो. आमच्या ऑफिसात चहावाल्याचा हिशेब दिवसभर त्याच्या डोक्यात असतो, वहीत तो संध्याकाळी चढतो, तसंच. लिनक्समध्ये ही मागाहूनची उतरवणी साधारण अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होते. पण ध्वनिफिती मोठ्या असल्या आणि पेनड्राइव्ह मंद असला, तर ती कितीतरी वेळ चालते. माझी हिरवी पट्टी शेवटाला गेली ती स्मृतीत लिहून झालं म्हणून. पेनड्राइव्हवर उतरवणं अजून व्हायचं होतं.

मग संगणकातला मूळ कप्पा मात्र लगेच कसा गेला? तर नाव खोडणं हे हलकं काम, ते चटकन झालं. शिवाय संगणकाच्या आतल्या डिस्कवर लिनक्स एक रोजकीर्द ठेवतो. काय बदलणार आहे ते आधी त्यात टिपायचं, मग बदल करायचा. म्हणजे मधेच वीज गेली तरी निदान मांडणी मोडत नाही. ही सोय लिनक्सच्या गाभ्यात २००१ साली आली. पेनड्राइव्हवर बहुधा जुनी, साधी मांडणी असते, तिच्यात अशी रोजकीर्द नसते. त्यामुळे खोडल्याची नोंद पक्की झाली आणि लिहिलेलं मात्र वाऱ्यावर राहिलं.

आता बंद करण्याच्या कामाकडे येऊ. आमच्या बंदरातून जहाज निघतं तेव्हा कप्तान नुसता निघत नाही. कस्टमची परवानगी हवी, कंटेनर बांधून झाले पाहिजेत, पायलट जहाजावर चढला पाहिजे, टग जोडल्या पाहिजेत, मग एकेक दोर सुटतो. दोर बांधलेले असताना जहाज ओढलं तर काय होईल, हे सांगायला कारकून लागत नाही. संगणकही असाच निघतो. तुम्ही बंद करण्याची आज्ञा दिलीत, की चालू असलेल्या प्रत्येक कामाला एक निरोप जातो, 'आवरतं घ्या'. तंत्राच्या भाषेत त्याला सिगटर्म म्हणतात. ज्याचं त्याचं काम आपली कागदपत्रं ठेवतं आणि निघतं. मग डिस्का, पेनड्राइव्ह एकेक करून सोडवले जातात. सोडवण्याआधी त्यांच्यासाठी स्मृतीत राहिलेलं सगळं त्यांच्यावर उतरवलं जातं. शेवटी वीज तोडायची आज्ञा होते.

कुणी आवरतं घेतलं नाही तर? बहुतेक लिनक्समध्ये हा कारभार 'सिस्टमडी' नावाचा व्यवस्थापक पाहतो. २०१० साली तो आला आणि २०१५ पर्यंत डेबियन, उबुंटू अशा मोठ्या घराण्यांनी त्याला कामावर ठेवलं. तो प्रत्येकाला सहसा नव्वद सेकंदांची मुदत देतो. मुदत संपली की दुसरा निरोप जातो, सिगकिल. त्याला उत्तर द्यायची सोय नसते. पडद्यावर सेकंद मोजले जातात ते या मुदतीचे. दीड मिनिटाची मुदत फार वाटते अशी तक्रार पुष्कळांनी केली, म्हणून फेडोरानं २०२३ साली ती पंचेचाळीस सेकंदांवर आणली. काही जण घरी ती आणखी खाली, पाच-दहा सेकंदांवर नेतात. माझ्यासारख्यानं हे करू नये असं माझं मत झालं आहे. मुदत कमी केल्यानं अडचण जात नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

तेव्हा तुमच्या घरी असं झालं, तर काय करायचं ते क्रमानं सांगतो. कागद-पेन्सिल असेल तर टिपून घ्या.

पहिलं, ओळ वाचा. कधी कधी पडद्यावर नुसतं बोधचिन्ह फिरत राहतं आणि ओळी त्याच्या मागे झाकलेल्या असतात. एस्केपची कळ दाबली की बहुधा पडदा बाजूला होतो. ओळीत ज्याचं नाव आहे ते लिहून घ्या, किंवा मोबाइलवर फोटो काढा. पेनड्राइव्हचं नाव असेल तर तो उतरवला जातो आहे. त्याचा दिवा लुकलुकत असेल तर हात लावू नका. छपाईचं नाव असेल तर बहुधा प्रिंटर मधेच बंद केलेला असतो. 'यूजर' किंवा 'सेशन' असे शब्द असतील तर तुम्हीच उघडून ठेवलेला एखादा कार्यक्रम निघायला तयार नाही, बहुधा ब्राउझर. जाळ्यावरच्या दुसऱ्या संगणकाची डिस्क जोडलेली असेल आणि जाळं आधीच तुटलं असेल, तर नसलेल्या माणसाच्या उत्तराची वाट बघितल्यासारखं होतं.

दुसरं, पूर्ण मुदत थांबा. घड्याळ लावून थांबा. दीड मिनिट बसून पाहिलं की लांब वाटतं, पण तेवढ्यात चहाला आधण येत नाही.

तिसरं, पुढच्या वेळी संगणक सुरू झाला की मागची नोंद वाचा. लिनक्स आपला सगळा दिनक्रम लिहून ठेवतं. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि टाइप करायचं: इंग्रजीत 'जर्नल', त्याला जोडूनच 'सीटीएल' ही तीन अक्षरं, मग मोकळी जागा, उणे चिन्ह आणि बी, पुन्हा मोकळी जागा, उणे चिन्ह आणि एक हा आकडा, पुन्हा मोकळी जागा, उणे चिन्ह आणि ई. अक्षरं सगळी लहान लिपीतली. याचा अर्थ, मागच्या वेळच्या कारकिर्दीची नोंद काढ आणि तिचं शेवटचं पान दाखव. त्या पानावर वेळेसकट लिहिलेलं असतं, कुणाला निरोप गेला, कोण निघालं, कोण बसून राहिलं. पहिल्यांदा डोळे फिरतात. पण रोज एकच नाव अडकत असेल तर ते दोन-तीन दिवसांत नजरेत भरतं. मग उपाय सोपा असतो. तो कार्यक्रम आधी हातानं बंद करायचा, किंवा त्याची नवी आवृत्ती घ्यायची, किंवा नको असेल तर काढूनच टाकायचा. नाव सापडलं की जाणत्या माणसाला विचारतानाही 'संगणक बिघडलाय' असं म्हणावं लागत नाही, नेमका प्रश्न विचारता येतो.

चौथं, प्रत्येक भीतीदायक ओळ धोक्याची नसते. बंद होताना एक ओळ पुष्कळांना दिसते, 'वॉचडॉग डिड नॉट स्टॉप'. रात्री एकट्यानं वाचली तर अंगावर काटा यावा. प्रत्यक्षात तो यंत्र गोठलं तर त्याला जागं करणारा पहारेकरी आहे, आणि तो शेवटपर्यंत जागा राहिला एवढंच ती ओळ सांगते. तिच्यानंतर संगणक नीट बंद होत असेल तर ती सोडून द्या.

पाचवं फार महत्त्वाचं. 'पॉवर डाउन' ही ओळ येऊनही पंखा फिरत राहिला, दिवा जळत राहिला, तर गोष्ट वेगळी. याचा अर्थ सामानाची आवराआवर झाली, डिस्का सुटल्या. आता फक्त वीज तोडायची आज्ञा यंत्राच्या अंगाला पोचत नाही. हा दोष सॉफ्टवेअर आणि मदरबोर्ड यांच्यातल्या बोलण्याचा. ते बोलणं कसं व्हावं याचा एक संकेत, एसीपीआय, १९९६ साली काही कंपन्यांनी मिळून ठरवला. पण सगळ्याच मदरबोर्डांनी तो नीट पाळला असं नाही. बायोसची नवी आवृत्ती घेतली, लिनक्सचा गाभा नवा घेतला, की बहुधा हे सुधारतं. इथं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरलं तर लिहिलेलं काही जात नाही. म्हणजे हात लावावा की नाही, हे कुठली ओळ आली आहे त्यावर ठरतं. संगणक बंद होण्याऐवजी पुन्हा सुरूच होत असेल, तर बायोसमध्ये जाळ्यावरून किंवा यूएसबीवरून जागं होण्याची सोय चालू आहे का ते पाहायचं.

सहावं, सगळंच गोठलं, मुदत संपूनही काही हलत नाही, तर भिंतीवरच्या बटणाआधी आणखी एक दार आहे. कळफलकावर प्रिंट स्क्रीन लिहिलेल्या कळीचं दुसरं नाव सिसरिक्वेस्ट. ऑल्ट आणि ती कळ दाबून धरायची आणि सावकाश, दोन-दोन सेकंद थांबून, एस, यू, ओ ही अक्षरं दाबायची. एस म्हणजे राहिलेलं लिहून घे, यू म्हणजे डिस्का आता फक्त वाचण्यापुरत्या ठेव, ओ म्हणजे बंद हो. उबुंटूत ही सोय सुरू असते. काही घराण्यांत ती अर्धवट बंद ठेवतात. काही लॅपटॉपवर ती कळ शोधावी लागते. पण ही तीन अक्षरं मी संगणकाच्या बाजूच्या भिंतीवर चिकटवून ठेवली आहेत.

आणि या सगळ्याच्या आधीची सवय एकच. पेनड्राइव्ह ओढण्याआधी किंवा संगणक बंद करण्याआधी त्याला 'इजेक्ट' म्हणा, आणि 'आता काढायला हरकत नाही' असं उत्तर येईपर्यंत थांबा. 'कट' करू नका; नक्कल करा, उघडून पाहा, मगच मूळ पुसा. घरी यूपीएस असेल तर तो वीज गेल्यावर पुढं काम करण्यासाठी नाही, नीट बंद करण्यासाठी आहे. दहा मिनिटं मिळतात, ती लेख पुरा करण्यात घालवू नयेत.

बटण खेचूच नये का? खेचावं लागतं, तेही सांगितलं पाहिजे. आमच्या बंदराला त्याचा अनुभव आहे. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक कार्यक्रम जगभर पसरला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून सुटला आणि विंडोजच्या संगणकांत शिरून सगळं कुलूपबंद करत गेला. डेन्मार्कची जहाज कंपनी मर्स्क त्यात सापडली आणि न्हावा शेव्यातल्या तिच्या गटाच्या टर्मिनलचं कामकाजही विस्कळीत झालं. कोपनहेगनच्या मुख्य कचेरीत माणसं धावत जाऊन दिसेल तो संगणक बंद करत होती. अशा वेळी आत चाललेलं कामच शत्रूचं असतं, तेव्हा एक सेकंद थांबणंही महाग. पुढे दहा दिवसांत त्या कंपनीनं पंचेचाळीस हजार संगणक आणि चार हजार सर्व्हर नव्यानं उभे केले, असं तिच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. आणि तिच्या जाळ्यात कुणाला कुठं प्रवेश आहे याची मुख्य नोंदवही कुठं वाचली, तर आफ्रिकेतल्या घानात. तिथला एक संगणक वीज गेल्यामुळे त्या वेळी बंद होता, म्हणून तो वाचला. वीज जाण्याचा असाही उपयोग झालेला मी दुसरा ऐकलेला नाही.

आमच्या घरी काय झालं ते सांगायचं राहिलं. भाच्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे मला संगणकाला हात लावू दिला नाही. फाइल पुसली जाते तेव्हा तिचं नाव जातं. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत राहू शकतो. जुनी फिरती डिस्क होती हे नशीब. नव्या चकत्या नसलेल्या डिस्कमध्ये, म्हणजे एसएसडीत, ही आशा फार कमी असते. त्यानं संगणक दुसऱ्या पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं सुरू केला, म्हणजे आमच्या डिस्कवर नवं काही लिहिलं जाऊ नये. मग फोटोरेक नावाचा कार्यक्रम चालवला. तोही मुक्त सॉफ्टवेअरच. तो नावं बघत नाही, डिस्कचा कण न् कण चाळतो आणि ध्वनिफितीसारखं काही दिसलं की बाजूला काढतो. रात्रभर तो चालला. सकाळी बाहेर आलं ते बिननावाचं, आकड्यांचं ढीगभर सामान. त्यात ऑफिसच्या सूचना होत्या, कुणाकुणाचे वाढदिवस होते. दोन दिवस ऐकून ऐकून आम्ही अम्मीचा आवाज निवडला. एकोणीसपैकी अकरा गाणी पुरी मिळाली, दोन अर्धी. बाकीची सहा मिळाली नाहीत. टाइप केलेला मजकूर तुकड्यातुकड्यांनी मिळाला.

राहिलेल्या सहांसाठी मी मुरूडला खालाकडे गेलो. खाला म्हणजे अम्मीची धाकटी बहीण. तिला चार येत होती. शब्द थोडे वेगळे होते, एक चाल तर पार निराळी. मी म्हटलं, "खाला, अम्मी असं म्हणत नव्हती." ती म्हणाली, "तिचं तिच्याबरोबर. मी म्हणते ते घे." मी घेतलं. दोन गाणी मात्र गेली ती गेलीच. एकाचा पहिला शब्द आठवतो, पुढं काही नाही.

एक गोष्ट मनात राहते. पुण्यात बसलेल्या माणसांनी लोहित नावाचे देवनागरी टंक मुक्त सॉफ्टवेअरसाठी केले, सी-डॅकनं २००७ साली भारतीय भाषांसाठी बॉस नावाचं लिनक्स आणलं, कितीतरी मराठी माणसांनी हौसेनं खिडक्यांवरच्या पाट्या मराठीत केल्या. आयआयटी मुंबईच्या बोलत्या पाठांत लिनक्स मराठीतून शिकता येतं. माझा संगणक उघडताना मराठीत बोलतो. पण बंद होताना, अगदी शेवटच्या क्षणी, तो इंग्रजीत बोलला. या सॉफ्टवेअरचं वाक्य बदलायला कुणाची परवानगी लागत नाही. तेव्हा ती ओळ मी मराठीत करून भाच्याला दिली आहे. तो म्हणतो, त्या काळ्या पडद्यावर देवनागरी नीट उमटवणं ही वेगळीच डोकेदुखी आहे, वेळ लागेल. लागू दे.

तोवर मी तीच ओळ कागदावर लिहून पडद्याच्या वर लावली आहे: बंद करण्याचं काम चालू आहे. रात्री आज्ञा देतो, खुर्चीत बसून राहतो. बायको आतून विचारते, "झालं का?" मी म्हणतो, "आवरतोय तो." दिवा विझला की उठतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)